दोन ब्लेडांची फट

अकोल्याहून तार आली तेव्हा मी नानाभाऊकडे जायची यादीच करत होते. संत्री, वहिनींचं लुगडं, सुया, आणि चौथ्या क्रमांकावर नानाभाऊसाठी ब्लेडचं पाकीट. पहिल्या तिन्हींवर खूण झाली होती... नानाभाऊ, माझा थोरला भाऊ, गेला, त्याला आता दीड महिना होईल.

अकोल्यात एका सरकारी बंगल्याच्या बागेवर तो देखरेखीला होता. हिरवळ कापायचं इंजिनाचं यंत्र तिथे मोठं नवलाईचं. आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो तेव्हाच्या एका मे महिन्यात ते बंद पडलं, आणि सोमवारी मोठे साहेब यायचे होते. नानाभाऊने शनिवारी कोणाला न विचारता यंत्र छकड्यात घालून घरी आणलं. मी अमरावतीहून सुट्टीला आलेली. सोमवारी ते चाललं नाही तर नोकरी जाईल, हे त्याने मला सांगितलं, वहिनींना नाही.

दोष त्याला कळला होता. वॉल्वच्या दांड्याखाली बारीक फट असावी लागते; ती बुजली की वॉल्व नीट मिटत नाही आणि इंजिनाचा दम निघून जातो. दांड्याचं टोक कानशीने जरासं घासलं की झालं. पण फट इंजिन थंड असतानाच मोजावी, असं पुस्तिकेत होतं. अकोल्याच्या मे महिन्यात माठाखेरीज थंड असतं काय? त्याने वाळ्याच्या ताटीमागची बाज सासऱ्यांसकट ओसरीत हलवली आणि तिथे इंजिन मांडलं.

"माणसं भाजून राहिली अन् यंत्राले वाळा," वहिनी म्हणाल्या.

ओसरीतून त्यांचे वडील म्हणाले, "असू दे पोरी. त्याचं झालं का जवाईबापू मले बी घासून देतील."

मोजायची पट्टी नव्हती. दोन ब्लेडं एकावर एक ठेवली की नेमकी तेवढी जाडी, हा नानाभाऊचा हिशेब. मी टिपण केलं: काढणे, घासणे, बसवणे, मोजणे. ब्लेडं त्याच्या दाढीच्या डब्यातून मीच आणून दिली. रविवारी दुपारी ती फटीत सरकली, मी खूण केली... आणि मग त्याने ती उजेडात धरली. दोन्हींवर दाढीचा वाळलेला साबण. त्या जाडीने फट हवी त्याहून मोठी झाली होती, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. ब्लेड पुसणे माझ्या यादीत नव्हतंच. माझं तोंड पाहून तो म्हणाला, "साबण माहा होता ना? तू कावून रडून राहिली?"

यंत्र चालू झालं, पण अशी खटखट की शेजारच्या बकरीने दावं तोडलं. सोमवारी साहेबांनी विचारलंच, हा आवाज कशाचा. मी फाटकापाशी उभी. नानाभाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, गवतातले साप पयतेत त्यानं."

साहेबांनी आधी पाय उचलले. मग हा आवाज बंद करू नका, असा हुकूम दिला. नोकरी राहिली, खटखटही राहिली. चूक कोणाची, हे त्याने कधी वहिनींनाही सांगितलं नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी दाढीचा डबा माझ्यापुढे ठेवला. तळाशी कागदाची पुडी, वर त्याचं अक्षर: 'दाढीची नाहीत. फटीची. पुसून घ्यावी.' आत दोन ब्लेडं. मी पदराने पुसायला घेतली... पुसलेलीच होती. वर तेलाचं बोटही लावलेलं.