रिकामे कंस

जळगावची ती कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट आठवली की अजून माझं डोकं सणकतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, जावा ही प्रोग्रामिंगची भाषा नवीन होती आणि शिकवणाऱ्या सरांना ती पुस्तकापुरतीच येत होती. इंटरफेस म्हणजे काय, असं विचारलं की म्हणायचे, “पाठ करून टाक.” अहो, पाठ काय करून टाक!

मग माझं मीच समजून घेतलं. इंटरफेस म्हणजे नुसती कबुली, की अमुक कामं होतील. ती कशी करायची, ते प्रोग्रामच्या ‘क्लास’ नावाच्या भागात लिहायचं. एक जरी काम राहिलं तरी एरर येते, प्रोग्राम चालत नाही.

वडिलांचा, आबांचा, सावद्याला केळीचा व्यापार. त्यांची अट होती, “प्रोजेक्ट माझ्यासमोर चालवून दाखव, मग खुशाल पुण्याला नोकरीला जा.” मी केळीचंच प्रोजेक्ट घेतलं. इंटरफेसमध्ये कामं दोन: घड तोलणं आणि दांड्याचं वजन वजा करणं. आबांना दाखवायच्या आदल्या दिवशी लाईट गेली आणि दुसरं लिहायचं राहून गेलं.

सकाळी माझी एसटी उशिरा पोचली. आबा बाजाराच्या कामाने आधीच जळगावात आले होते. इन्स्टिट्यूटमध्ये येऊन बघते तर सर छाती फुगवून त्यांना माझा प्रोग्राम दाखवतायत! एरर गेली कशी? या शहाण्याने दांड्याच्या कामापुढे रिकामे कंस टाकून दिले होते. कंस दिसले की मशीन गप्प बसतं, आत काही आहे का ते बघत नाही.

“काय वं,” आबा मला म्हणाले, “दांडाबी केळीच्या भावानं घेऊन राह्यलं काय तुझं मशीन?”

“काका, एवढं चालतं,” सर हसले.

चालतं? माझा जीव टांगणीला आणि याला चालतं! “सर, उठा खुर्चीवरून,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. उठले. मी राहिलेल्या ओळी लिहिल्या, प्रोग्राम चालवला. वजन घटून आलं. आबांनी मान डोलावली. “आता बराबर आहे.”

“मग पुण्याला कधी जाऊ?”

आबा चष्मा पुसायला लागले. “धुळ्याच्या पाहुण्यांना मी मागच्या आठवड्यातच तुझ्या लग्नाला हो म्हणून बसलो, बाई.”

मागच्या आठवड्यात! मी इथे एकेक ओळ घासत होते तेव्हा! त्या अटीच्या आतही काहीच नव्हतं. सरांवर उगाच ओरडले असं वाटलं मला.

“हो तुम्ही म्हणालात ना, आबा? मग नाही पण तुम्हीच सांगा,” म्हटलं आणि पर्स उचलली.

धुळ्याला निरोप त्यांनीच दिला. मी पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा मात्र स्टँडवर आले नाहीत.