वहिनीची किळसवाणी बाराखडी

आमच्या वहिनीचं नाक हा तिच्या रुग्णालयात कौतुकाचा विषय होता. पुरुषांच्या वॉर्डात ती परिचारिका. त्या वॉर्डात जे काही सांडतं, ओघळतं आणि चिकटतं त्याचं वर्णन मी करणार नाही. तुमचं जेवण व्हायचं असेल. नवशिके डॉक्टर दारातच रुमाल चाचपायचे. वहिनी मात्र बेडपॅन घेऊन अशी चालायची, जणू पाहुण्यांना चहा नेतेय. तिने तोंड वाकडं केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बाकीच्या परिचारिका तिला 'पोलादी नाक' म्हणायच्या, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं.

अशा बाईने आमच्या घरात किळसेचा कारखाना काढावा, याला काय म्हणायचं?

त्याचं असं झालं. जपानमधल्या एका वृद्धाश्रमाला परिचारिका हव्या होत्या. अट एकच, भाषेची परीक्षा. वहिनीने अर्ज ठोकून दिला.

"अगं, पण एवढं लांब कशाला?" आईने विचारलं.

"आई, तिथे प्रत्येकीला स्वतंत्र खोली, आणि खोलीला स्वतःचं बाथरूम. लग्न झाल्यापासून दारावर थाप न पडता माझी एक आंघोळ झालेली नाही."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा उगाच खोकला. विषय मिटला.

परीक्षेला कांजी होती.

"कांजी? कपड्यांना घालतात ती?" बाबांनी पेपर खाली केला.

"नाही हो बाबा, त्यांची चित्रलिपी. एकेका चित्राचे दोन-दोन उच्चार. एक माहेरचा, एक सासरचा. चित्र एकटं असलं की बहुतेक माहेरच्या नावाने बोलवायचं, दुसऱ्या चित्राशेजारी बसलं की सासरच्या."

"आणि दोन्ही लक्षात ठेवायची? मला तुझं माहेरचं नाव आठवत नाही अजून," दादा म्हणाला.

"तुम्हाला सासरचं तरी कुठे आठवतं? 'अगं'वर तर चाललंय."

सुरुवातीला वहिनीने सज्जन मार्ग धरला. उच्चारांना फुलं, चांदणं, पाखरं जोडून पाहिली. सकाळी जोडलेलं पाखरू दुपारपर्यंत उडून जायचं. मग एके दिवशी वॉर्डातल्या एका पेशंटच्या नाकातून चिकूची बी निघाली. ती तिथे कशी गेली आणि किती दिवस होती, हे आपण विचारायचं नाही. पण वहिनी उजळलेल्या चेहऱ्याने घरी आली. नाकाच्या चित्राचे उच्चार दोन, 'हाना' आणि 'बी'.

"नाकावर हाणा, बी बाहेर!" ती ओरडली. "आता मेले तरी विसरणार नाही!"

आम्हीही विसरलेलो नाही. त्या दिवसापासून घरात चिकू आलेला नाही.

वहिनीला गुरुकिल्ली सापडली होती. सुंदर गोष्ट निसटते, घाण चिकटते. आणि घाणीसाठी लांब जायची गरज नव्हती, सासर भरलेलं होतं. कान म्हणजे 'मिमी' आणि 'जी'. स्कूटरच्या किल्लीने कान कोरत दादा घरात 'मी, मी' करतो, आणि साहेबाचा फोन आला की तीच किल्ली पुसून 'जी, जी'. दात म्हणजे 'हा' आणि 'शी'. बाबा कवळी काढून 'हा' करतात, आपण 'शी' म्हणतो. केसाच्या चित्राचं माहेरचं नाव 'के', सासरचं 'मो', म्हणजे केस आणि मोरी. त्यासाठी तिने न्हाणीघराच्या जाळीतून एक मऊ, ओला, साबणाळलेला गोळा चिमटीत धरून आणला आणि जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून पाठ केला.

"ह्या घरात जेवायचं की ओकायचं?" आईने ताट सरकवलं.

"आई, दोन मिनिटं. किळस ताजी असली की पक्कं बसतं."

ती डोळे मिटायची, तो प्रकार मनात आणायची, पोटातून ढवळू द्यायची आणि मग डोळे उघडून चित्राचं कार्ड बघत उच्चार म्हणायची. रोज, न चुकता, व्यायामासारखं. आमची वजनं उतरली. वहिनीचा अभ्यास मात्र चढत गेला.

आणि मग ते घडलं.

वॉर्डात एक म्हातारे घड्याळजी होते. जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेले हात आता थरथरायचे, म्हणून त्यांचं तोंड वहिनीच धुवायची, भरवायचीही तीच. त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं. आत अर्धवट पडलेले दात, जिभेवर पांढरा थर. आणि वहिनीला 'हा-शी'ची कवळी आठवली, पोटातून ढवळून आलं. तिने मान फिरवली, तोंडावर हात धरला आणि उमासा गिळला.

क्षणभराचीच गोष्ट. पण घड्याळजींनी ती पाहिली. त्यांनी तोंड मिटलं, ते मिटलंच. दुपारी दुसरी परिचारिका आली, रात्री तिसरी. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

वहिनी घरी आली ती सगळी कार्डं कपाटावर फेकून बसली.

"मी तिथे जाऊन करू काय? सगळी म्हातारी माणसं. ती तोंड उघडणार आणि मी मान फिरवणार? त्यापेक्षा दारावरच्या थापा बऱ्या. माझं नाक गेलं हो, भावजी."

रोज घासून घासून तिने आपली किळस अशी धारदार केली होती, की ती आता तिलाच कापत होती.

बाबा कवळीच्या पेल्याकडे गेले, ती चढवली आणि म्हणाले, "म्हणजे कवळी माझी, आणि उपास त्या बिचाऱ्याला? जा, सांग त्याला खरं काय ते."

दुसऱ्या दिवशी सूपचा डबा धरायला तिने मला नेलं. घड्याळजी भिंतीशीच बोलत होते, म्हणजे बोलत नव्हते.

"काका," वहिनी म्हणाली, "मान मी तुमच्यामुळे नाही फिरवली. माझ्या सासऱ्यांमुळे फिरवली."

भिंतीकडची मान जराशी हलली.

वहिनीने कार्ड काढलं आणि सगळं सांगितलं. कवळी, किल्ली, चिकू. न्हाणीघराच्या जाळीपाशी आली तेव्हा शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बाहेर गेला. घड्याळजी मात्र हळूहळू कुशीवर वळले.

"घाम," ते म्हणाले. कालपासूनचा पहिला शब्द. "घामाला काय म्हणतात?"

"आसे. तो बसतच नाही हो, काका."

"पट्टा. मनगटावरच्या घड्याळाचा. चामड्याचा. दहा वर्षं न काढलेला." त्यांच्या डोळ्यांत दुष्ट चमक आली. "उलटा केला की आत काळा, ओला थर. नखाने खरवडला की लोण्यासारखा निघतो. वास तर... गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरून सांगायचो, 'बघा, हे असे!'"

मी डबा खाली ठेवला. वहिनी पांढरीफटक पडली.

"काका, काय घाणेरडे आहात हो तुम्ही!"

म्हातारा हसला. हसताना तोंड उघडावंच लागतं. तेच दात, तोच थर. वहिनीने उमासा गिळलेला मला दिसला. पण मान होती तिथेच राहिली. तिने ओला कापूस घेतला आणि एकेक दात पुसायला लागली, सावकाश, घड्याळाची चाकं पुसावीत तशी. मग सूप भरवलं. शेवटच्या चमच्याला घड्याळजी म्हणाले, "उद्या ये. कानातल्या यंत्राचं सांगतो."

वहिनी पास झाली. गेलीही. तिच्या खोलीचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला. पांढरंशुभ्र बाथरूम, आणि दार तिने मुद्दाम बंद करून बराच वेळ दाखवलं. थाप नाही. दादाने नाक शिंकरलं.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. आवाज रडवेला.

"भावजी, पुढच्या परीक्षेचं काही डोक्यात राहत नाही. इथे सगळं इतकं स्वच्छ आहे हो! जाळीत एक केस नाही. आजीआजोबासुद्धा चकचकीत. मी शब्द चिकटवू तरी कशावर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग बाबांनी कवळी काढली आणि कॅमेऱ्यापुढे धरली, सकाळची, न धुतलेली. दादा खिशात किल्ली शोधायला लागला.

"थांब गं," तो म्हणाला, "आज डावा कान आहे. जवळून बघ."

"ईऽऽ! शी, शी, शी!" तिकडून वहिनी किंचाळली. "हलू नका, हलू नका! कार्ड घेते!"

आई ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे.