बपेरावालीचं सरबत

पेला हातात दिला तरी ती पुढे सरकायची नाही. एका हातावर ट्रे तोलून, पदराचं टोक दातांत धरून समोर उभी राहायची आणि पिणाऱ्याच्या गळ्याकडे पाहायची. पहिला घोट खाली उतरला की पदर दातांतून सुटायचा आणि ती म्हणायची, "काही नाही जी, थोडंसं थंडं केलं."

'थोडंसं' करणारी अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. तिचं थोडंसं म्हणजे माठात गार केलेलं बेलाचं सरबत, त्यावर चारोळी, बाजूला शिंगाड्याच्या वड्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पळसाच्या द्रोणात सीताफळाची बासुंदी. त्या दिवशी असायचं काय, तर कुणाच्या तरी धाकट्याचा वाढदिवस, तोही शेजारच्या घरी.

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चांगलं बोलले तर ते किती जिवावर आलं असेल, हे तुम्हाला कळेल.

आमची ओळ वरठीची. कारखान्यात जाणाऱ्या माणसांची पंधरा-सोळा घरं. पाळी बदलली की पुरुष मोटारसायकली आणि सायकली काढून निघून जातात, मग ओळ आम्हा बायकांची. हळदीकुंकू असो, मंगळागौर असो की कुणाचं डोहाळजेवण, ती येईपर्यंत सगळं माझ्या घरी व्हायचं. माझी करंजी भंडाऱ्याच्या हलवायाच्या तोंडात मारेल अशी, हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. मी फक्त नाही म्हणायची नाही.

मग समोरच्या रिकाम्या घरात ती आली. नवऱ्याची नोकरी कारखान्यात, मूळ गाव बपेरा, तिकडे मध्य प्रदेशाच्या शिवेजवळ. मुलगा गावी शेती पाहायचा, इथे दोघंच. नाव कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे बाईला गावाच्या नावानं हाक मारतात, तशी ती बपेरावाली झाली.

पहिला घाव भुलाबाईत बसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोजागिरीच्या आधी महिनाभर आमच्या पोरी घरोघरी भुलाबाईपुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि आवाजावरून आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं की बाई हरली. माझा डबा मी हलवायच्या आधीच पोरी ओरडायच्या, "काकूची करंजी." यात माझा मान आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

तिनं डबा हलवला तर आवाजच आला नाही. पोरी कान लावून बसल्या. गोड का? गोड. गोल का? नाही. अर्धा तास झाला, तरी कुणाला येईना. शेवटी तिनं झाकण उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र, थरथरत्या वड्या. तिखूर. जंगलातल्या कंदाचं सत्त्व असतं ते, तिच्या माहेरच्या बाजूला घरोघरी त्याच्या वड्या आणि सरबत करतात. आमच्याकडे उन्हाळ्यात कधीमधी बाजारात दिसतं, एवढीच माझी ओळख.

माझी आशू तेव्हा नववीत होती. घरी येऊन दप्तर फेकायच्या सुरात म्हणाली, "आई, तू काहून असं काही करत नाहीस?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुम्हाला हसू येईल, पण पोटच्या पोरीनं दुसरीच्या वडीची बरोबरी आपल्याशी करावी यासारखं दुखणं नाही.

मग मी ईर्षेला पेटले. मोबाईलवर पाहून निळं सरबत केलं. भंडाऱ्याहून उंच काचेचे पेले आणले, कडेला लिंबाची चकती लावली, वर पुदिना. ओळीतली पोरं आली, पेल्याकडे पाहिलं, आणि पाटलांच्या बारक्यानं विचारलं, "काकू, याच्यानं फरशी पुसायची का?" ती बपेरावालीही आली होती. तिनं तो पेला पूर्ण प्यायला आणि म्हणाली, "रंग मस्त साधला, वैनी. मले नसता जमला." टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती मनापासून बोलत होती.

तिच्याशी वाकडं घ्यायला जागाच नव्हती. काही बायका कृती विचारली की एखादी वस्तू गाळून सांगतात, ते आपण सगळ्याच करतो. ही मात्र विचारायच्या आत सांगायची. तिखुराचं मी मुद्दाम विचारलं, काय लपवते ते पाहू म्हणून. ओसरीवर बसून ती सांगायला लागली.

"रात्री भिजत घालजा. सकाळी वरचं पानी फेकजा, नवं टाकजा. त्यात कडूपना रायते, तो पान्यासंगं जाते."

"किती वेळा फेकायचं?"

"ते नाही सांगता येत जी. कधी चार पान्यानं जाते, कधी सातानं. फेकायचं पानी जिभेले लावून पाहजा. ते कडू नाही लागलं की झालं."

"आणि देवाला दाखवायचं असलं तर? उष्टं नाही का होणार?"

"फेकायचं पानी चाखलं तं उष्टं कायचं?" ती हसली.

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही मला बनवते आहे. फेकायचं पाणी कोण चाखतं? दुसऱ्याच दिवशी मी दोघींच्या कानात सांगितलं, बपेरावाली खरी गोष्ट सांगतच नाही. चार दिवसांत ते ओळभर झालं. बायका तिला कृती विचारेनाशा झाल्या. ते तिच्यापर्यंत गेलं असणार, पण तिनं मला कधी विचारलं नाही. ट्रे घेऊन येत राहिली.

आमच्या ह्यांचं एक सांगायचं राहिलं. एकदा पाळी संपवून येताना ते तिच्याकडे आंबील पिऊन आले आणि म्हणाले, "त्या बाईच्या हातालाच चव आहे." दोन दिवस मी भाजीत मीठ टाकलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आशूचं लग्न आंधळगावला जमलं. धान्याचा व्यापार करणारं घर, खाण्यापिण्याचे शौकीन, सासू बोलायला फटकळ. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. ऊन असं की चप्पल घातली तरी पाय भाजावेत.

घरात कार्य असलं की आमच्या ओळीत आदल्या दिवशी शेजारणींना 'हात लावायला' बोलावतात. जिला बोलावलं ती घरची, जिला नुसतं आमंत्रण दिलं ती पाहुणी. मी अकरा जणींना हात लावायला बोलावलं. तिच्या घरी गेले, कुंकू लावलं आणि म्हटलं, "तुम्ही पाहुण्या म्हणून निवांत या."

तिला कळलं. तिचा हात पदराकडे गेला. मग म्हणाली, "येतो नं जी."

लेकीच्या सासरकडे पहिलं नाव जाणार ते माझंच गेलं पाहिजे, दुसरं काही मला नको होतं. म्हणून मी करंज्या तर केल्याच, पण सरबत तिखुराचंच केलं. तिच्याच हत्यारानं तिला मारायचं. तीन पाणी बदलली. चाखून पाहिलं नाही. फेकायचं पाणी चाखणं मला पटत नव्हतं, आणि तयार सरबत नैवेद्याआधी तोंडाला कसं लावणार? पहिला पेला देवापुढे ठेवला, दुसरा विहीणबाईंच्या हातात दिला.

त्यांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "काहो, हे कडू काहून लागून राहिलं?"

आशू खाली मान घालून बसली होती, तिचे कान लाल झालेले मला दिसले. मुलाच्या आत्यानंही पेला ठेवला. कार्यातला पहिला घोट कडू, हे आंधळगावात किती वर्षं पुरलं असतं, तुम्हीच विचार करा.

कोपऱ्यात बपेरावाली जरीच्या लुगड्यात पाहुणी बनून बसली होती. तिनं आपला पेला तळापर्यंत प्यायला, उठली आणि मागच्या दारानं गेली. मला वाटलं, गेली हसायला. पाच मिनिटांत ती सरबतानं भरलेले दोन पितळी गुंड घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशीच्या सणासाठी तिनं घरी तिखुराचं सरबत करून ठेवलं होतं. सरळ बैठकीत आली आणि विहीणबाईंपुढे हात जोडले.

"मले माफ करजा जी. पयलं फेकायचं पानी वेगळं ठेवलं होतं, मीच घाईत ते भांडं उचलून देल्लं. हे खरं सरबत. हे या वैनीनं केलं."

विहीणबाईंनी तिला फटकारलं. "वय झालं तरी पाणी कळत नाही का, बाई?" सगळे हसले. तीही हसली. मग पेला तोंडाला लागला, आणि विहीणबाईंनी दुसरा मागितला. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "असं सरबत जन्मात प्यालो नाही. सून आणून राहिलो, आता तुमचा हातही येईल आमच्या घरी."

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "अहो, थोडंसंच तर केलं."

दोन हात पलीकडे ती उष्टे पेले गोळा करत होती. तिला ऐकू गेलं. आशूनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आजतागायत पोरीनं तो विषय काढलेला नाही.

मी तिचे आभार मानले नाहीत. आधी कामाचा गलका होता, मग लग्न होतं, मग लाज होती. आणि खरं सांगायचं तर रागही होता. वाचवायचं तर वाचवायचं, पण इतकं सफाईनं कशाला? तिच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि दिवाळीनंतर ते बपेऱ्याला जायला निघाले. ओळीतल्या बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तेव्हाही माझ्या मनात आलं, मी गेले तर एवढं कोण रडेल? मी तिच्या हातात करंज्यांचा डबा दिला. ती म्हणाली, "आशूच्या सासरचे बरे हायेत नं?" मी म्हटलं, "बरे आहेत." ट्रक सुटला.

यंदा आशूला दिवस गेले. विहीणबाईंचा फोन आला, सूनबाईला काही गोड लागत नाही, फक्त ते सरबत हवं म्हणते, डोहाळजेवणाला तुमच्या हातचं घेऊन या. मी दोनदा केलं. या वेळी फेकायचं पाणीही चाखलं, सातदा चाखलं. कडूपणा गेला, पण ती चव आली नाही. मग मनाशी ठरवलं, जाऊन तिच्या पाया पडायचं आणि सरबत मागायचं. तुमसरवरून बस धरून बपेऱ्याला गेले. वाटभर वाक्य घोळवत होते: बाई, मी तुमचं नाव खाल्लं, ते परत द्यायला आले.

घर सापडलं. भिंतीवर तिचा फोटो होता आणि फोटोला हार. पौषात गेली, ताप निमित्त झाला. आमच्या ओळीत कुणालाच कळलं नव्हतं.

तिची सून पाणी घेऊन आली. वरठीहून आले म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "आशूताईच्या आई तुमी?"

"तू कशी ओळखतेस?"

"माह्यं माहेर आंधळगावचंच नं जी. तुमचं साक्षगंधातलं सरबत आमच्या गावात सगळ्यायले मालूम हाय. लगन होऊन इकडे आली, आईच्या हातचं प्याली, तं मी इचारलं, आई, ते तुमीच तं नव्हतं केलं? आई म्हने, नाही वं, ते वरठीच्या वैनीनं केलं. मी तं तिचंच पाहून शिकलो."

सुनेच्या तोंडून गोष्ट आंधळगावला जाईल, माझ्या आशूला खाली पाहावं लागेल, हे तिनं ओळखलं होतं. म्हणून स्वतःच्या घरातही ती खोटं बोलली.

"बरं झालं तुमी आल्या," सून म्हणाली. "घरात शेवटचं तिखूर हाय, आईनं धुऊन वाळवून ठेवलेलं. मले शिकवा. त्यायच्यावानी जमत नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पोरी, ते सरबत तिनंच केलं होतं. माझं कडू झालं होतं. तिनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि नाव मला दिलं. मी ते गप्प बसून घेतलं."

वाटलं, आता तरी सुटले. पण सून माझ्याकडे पाहून हसत होती.

"आई म्हनतच होत्या," ती म्हणाली. "ती बाई कधी कबूल नाही करनार म्हने. मलेच नाव देईल. लय मोठ्या मनाची हाय."

मी फोटोकडे पाहिलं. मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. "अगं, नाही," असं म्हणेपर्यंत सुनेनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.