मामाचं पूर्ण वाक्य

मामा गेल्याचा फोन मामीने केला तेव्हा मी शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. "तुझा मामा उठतच नाही गं..." एवढंच ती बोलली. डॉक्टरांनी दाखल्यावर 'हृदयविकार' असं लिहिलं. लिहू देत. सहा आठवडे झाले, तरी माझ्या मनात दुःखापेक्षा संतापच जास्त आहे आणि तो मी लपवणार नाही.

भास्करमामा कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बुऱ्हाणपूरला लालबागेत राहायला आला. घरासमोर रस्त्याकडेला चिडाची, म्हणजे पाइनची, सात झाडं होती. कागदासाठी हे लाकूड इथे वाढेल का, म्हणून कोणीतरी कधीकाळी लावून पाहिलेली. तापीकाठच्या उन्हात ती कशी तगली, देव जाणे. मामाला त्यांच्या वासाचं वेड लागलं. दर महिन्याला तो फांदीवर पारदर्शक पिशवी बांधायचा, तासाभराने आतली हवा छोट्या पंपाने एका नळीत ओढून घ्यायचा आणि ओळखीच्या प्राध्यापकांकडे मशीनवर तपासून आणायचा. मी एकदा विचारलं, "मामा, कायले इतका खटाटोप?" तर सुयांसारखी पानं चुरगाळून माझ्या नाकाशी धरत म्हणाला, "पौषात हे झाड तोंड मिटून बसतं. चैत्रात नवी पालवी आली का बोलू लागतं, वैशाखात तर ओरडतंच. पावसाळी आभाळ आलं का पुन्हा गप्प. कोणी ऐकणारा पाहिजे ना!"

बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून त्याने चार पानी टिपण लिहिलं आणि भाबडेपणाने स्वतःच एका सरकारी साहेबांना नेऊन दिलं. त्यात एक वाक्य होतं: 'कडक उन्हात या झाडांचे वायू गाड्यांच्या धुरात मिसळले की श्वासाला वाईट असा ओझोन तयार होतो, म्हणून धूर कमी करावा आणि झाडे राखावीत.' पुढे रस्ता रुंद करायला ही झाडं तोडायचं ठरलं, तेव्हा साहेबांना या वाक्याचा पहिला अर्धाच भाग तेवढा दिसला. रहिवाशांच्या भर बैठकीत ते म्हणाले, "अंकल, आप ही ने तो लिखा है, ये पेड़ हवा खराब करते हैं!"

मामा उभा राहिला. "साहब, वाक्य पूरा पढ़िए."

"हो गया, बैठिए."

लोक हसले. आयुष्यभर मोजूनमापून बोललेला माणूस... आणि त्याच्यावर हसले! झाडं वैशाखातच तोडली. दोन दिवस अख्ख्या गल्लीत तो वास कोंदला होता. मामा खिडक्या लावून आत बसून राहिला. "माझ्याच अक्षरानं मारली मी त्याहिले," एवढंच म्हणायचा. मी परोपरीने समजावलं. नाही ऐकलं त्याने. महिन्याभरात गेला.

शोकसभेला तेच साहेब हार घेऊन आले. 'सच्चे पर्यावरणप्रेमी थे,' म्हणाले. मी टिपणाची मामाकडची प्रत घेऊन उठले आणि मामाचं ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. साहेब हळूच म्हणाले, "दीदी, ये समय नहीं है."

मामी म्हणाली, "येळ तुमीच घालवला, साहेब. आता बसा नि ऐका."

साहेब बसले. मी चारही पानं वाचली. मधून कोणी उठलं नाही.