पहिल्या नंबराचा भोपळा

भोरच्या फळ-भाजी प्रदर्शनात मी परीक्षक होतो, म्हणजे पाहुण्यांच्या गाडीत काय चढवायचं ते ठरवणारा. पहिला आलेला नग प्रमुख पाहुण्यांना भेट द्यायचा, असा आमचा थोर रिवाज. पासलीची एक म्हातारी मांडीवर भोपळा घेऊन बसली होती. पदरानं तो पुसत म्हणाली, "दादा, दुसरा नंबर द्या. नुसता दाखवाया आणलाय, बियाण्याला ह्यो एकच ठिवलाय."

आम्ही उदार, पहिलाच दिला. 'भगिनीनं भोपळा आनंदानं भेट दिला,' असं माईकवरून मीच सांगितलं. ते खोटं होतं. गाडी निघताना ती काचेशी वाकून विचारत होती, "सायेब, भाजी झाल्याव बिया कुठं टाकत्याल? म्या येचून नेते."

पाहुण्यांनी हसून हात हलवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.