नकाशातली खुर्ची

माझा स्वभाव बोटचेपा. घरी सगळे त्याला गरीब स्वभाव म्हणतात. पण कुणाला तोंडावर वाईट सांगायची वेळ आली, की मी काय करतो ते त्यांना माहीत नाही.

बंगळुरातल्या एका बसस्थानकावर नवं माहिती केंद्र उभारायचं होतं आणि आराखडा माझ्याकडे होता. जुन्या चौकशीच्या खिडकीत एक अक्का वीसेक वर्षं बसत होत्या. नव्या केंद्रात खिडकीच नको, नुसते टचस्क्रीन लावायचे, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. अक्कांना ते कुणी सांगितलं नाही. कार्यालय सांगेल, आपल्याला काय, म्हणून मीही गप्प बसलो.

वर त्यांच्याकडूनच काम करून घेतलं. मी इथल्याच राजाजीनगरात वाढलेला, कन्नड तोंडात बसलेली. म्हटलं, "अक्का, लोक काय काय विचारतात ते आठवडाभर लिहून ठेवाल?" त्यांनी अख्खी वही भरून दिली. पीण्या भागाकडे जाणारी बस कुठे लागते, हे त्यात होतंच. शिवाय, मुलगा न्यायला आला नाही, आता काय करू, हेही होतं. बसचे प्रश्न मी स्क्रीनवर घेतले, बाकीचे सोडून दिले. वही देताना त्यांनी मला कॉफीही पाजली.

एक दिवस त्यांनी नकाशा पुढ्यात ओढला. "माझी खुर्ची कुठे, सर?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी विजेच्या पॅनेलच्या कोनाड्यावर बोट ठेवलं. "ही काय, इथे."

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "इथे पंखा लागेल. स्वल्प लहान असला तरी चालेल."

मी त्यांच्यादेखत पेन्सिलीनं पंखा काढला आणि ऑफिसात येऊन खोडला. लाज वाटली, नाही असं नाही. पण खोडला.

उद्घाटनाला अक्का घरी शिवलेली उशी बगलेत घेऊन आल्या. थेट त्या कोनाड्याशी गेल्या. तिथे लोखंडी दार, त्याला कुलूप आणि वर धोक्याची कवटी. मी खांबाआड सरकलो, तरी त्यांनी मला गाठलंच.

"सर, मी चुकीच्या जागी आले का?"

"थांबा हं अक्का, बघतो," मी म्हटलं.

"सरी, थांबते," म्हणून त्या दाराशेजारी फरशीवर उशी टाकून बसल्या. मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि घरी गेलो.