प्रियंकाच्या लग्नाची डीव्हीडी

मुलुंडच्या वस्तीत दादू सोनवणेनं बावीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि दादूचा कॅमेरा कपाटात गेला. उरला एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याला विंडोज झेपेना, म्हणून पुतण्यानं त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम बसवून दिली. सुरुवातीला त्यावर सिनेमाची एक डीव्हीडी लागेल तर शपथ. दादूनं इंटरनेटवर वाचून, एकेक अक्षर टाइप करत, लागणारी सगळी सॉफ्टवेअरं बसवली. तेव्हापासून वस्तीतल्या जुन्या डीव्हीडी त्याच्याच दारी येत. बाकी कुणाकडे त्या लावायला काही उरलंच नव्हतं.

एका रविवारी सकाळी प्रियंका मुलीला घेऊन आली. तिचा नवरा मिथुन महिन्यापूर्वी गोरेगावला बांधकामावरून पडून वारला होता.

"काका, दीर म्हणतो तुझं लग्नच झालं नाही. खोली खाली कर म्हणतो."

"नोंदणी?"

"नाही केली. हीच आहे." तिनं पिशवीतून डीव्हीडी काढली. तिच्यावर चरेच चरे.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या माहेरी झालेलं ते लग्न दादूनंच शूट केलं होतं; वस्तीतलं दुसरं कुणी गेलं नव्हतं. पण पैसे वाचवायला त्यानं मूळ टेप पुसून तिच्यावरच पुढचं लग्न घेतलं होतं. हे तिला सांगताना त्याची मान वर होईना.

डीव्हीडी आत गेली, खरखरली, अडकली. चित्र येईना. मग दादूनं लिनक्सवरच तिची कॉपी करायला घेतली. कॉम्प्युटर न वाचता येणारी जागा सोडून पुढं जाई, परत मागं येई. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चित्र हललं. पांढऱ्या साडीतली प्रियंका, शेजारी मिथुन. नेमकं बौद्ध लग्नातल्या प्रतिज्ञेच्या वेळी पडद्यावर राखाडी चौकोन पसरले, पण आवाज स्वच्छ होता, "मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन." प्रियंकानं तोंडात पदर कोंबला. पुढं चित्र परत आलं. मिथुनची आई सुंदराबाई सुनेच्या डोक्यावर हात ठेवत होती.

"आता कोण काय बोलेल?" दादू म्हणाला.

खोलीचा निकाल लावायला वस्तीतल्या बुद्धविहारात बैठक बसली. दादूनं कॉम्प्युटर रिक्षात घालून नेला. चित्र सुरू झालं तशी सुंदराबाई पुढं सरकली. मुलाचा आवाज आला तेव्हा तिनं कान पडद्याजवळ नेला. मागं तिचा धाकटा मुलगा, प्रियंकाचा दीर किरण, हाताची घडी घालून उभा होता.

वस्तीतल्या जाणत्या भाऊरावांनी विचारलं, "सुंदराबाई, ह्या तुम्हीच ना?"

तिनं किरणकडे पाहिलं. याच मुलाच्या घरात तिला मरेपर्यंत राहायचं होतं.

"न्हाई. मी न्हाई ती."

"अहो, मी स्वतः शूट केलंय!" दादू ओरडला.

"काका, तुम्ही काय, कॉम्प्युटरवर काहीही जोडाल," किरण म्हणाला. कुणीतरी हसलं. भाऊरावांनी, कोर्टात जा, एवढंच सांगितलं.

प्रियंका उठली आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आई, मला नाही म्हणालात, ठीक. तुमच्या मिथुनलाही नाही म्हणालात." म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

आठवड्याभरात किरणनं खोलीला कुलूप लावलं. प्रियंका मुलीला घेऊन दहिसरला बहिणीकडे गेली. वकील केला, तारखा पडू लागल्या. दादूचं साक्षीदारांत नाव आहे. दोनदा तो इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जाऊन आला. दोन्ही वेळा त्याला कुणी आत बोलावलं नाही.